भरलेलं दुकान का बंद पडलं

पुण्यातलं आमचं कॉफीचं दुकान बंद होणार हे मला ज्या सकाळी कळलं, त्याच सकाळी, त्याच खुर्चीवर बसून, चंद्रपूरला दुकान उघडणार आणि ते मी सांभाळायचं हेही कळलं. पहिली बातमी पचायच्या आत दुसरी आली आणि मी उभीच राहिले. मॅडम म्हणाल्या, "अगं बस, माझं बोलून व्हायचंय अजून." पण मला बसवेना.

मॅडम म्हणजे आमच्या एरिया मॅनेजर. कंपनीची पुण्यातली सगळी दुकानं त्यांच्याकडे, आणि त्यातलं एक माझ्याकडे. कंपनी मोठी, गावोगावी एकच पाटी, एकच कप, एकाच चवीची कॉफी. मी मूळची चंद्रपूरची. अब्बा सुतार, बल्लारपूर रोडला घराला लागूनच त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप. नागपुरात हॉटेलचा कोर्स केला आणि पुण्यात येऊन या कंपनीत मशीनमागे उभी राहिले. दुधाला फेस आणता आणता शिफ्टची इनचार्ज झाले आणि मग दुकानाची मॅनेजर. ते दुकान मला घरासारखं होतं. कुठली खुर्ची डुगडुगते, कुठल्या खिडकीतून दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

"पण मॅडम, आपलं दुकान तर कायम भरलेलं असतं," मी म्हटलं.

"असतं ना. तेच सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "आज एक काम कर. काउंटरच्या मागे जाऊ नकोस. गिऱ्हाईक होऊन त्या कोपऱ्यात बस आणि दुकान बघ. संध्याकाळी मला फोन कर."

एवढी वर्षं मी दुकान आतून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं, आणि खरं सांगते, सुरुवातीचा राग अर्ध्या दिवसात कुठल्या कुठे गेला. एखादं गणित आपोआप सुटत जावं तसं सगळं दिसायला लागलं.

सकाळी उघडल्या उघडल्या आमचे नेहमीचे गृहस्थ आले. दोन मोबाईल, एक लॅपटॉप, एक कॅपुचिनो. प्लगच्या शेजारची जागा त्यांची. मग तीन मित्र आले, त्यांची कंपनी होती म्हणे. ऑफिस नव्हतं, आमचं मधलं टेबल हेच ऑफिस. त्यांनी दोन कॉफ्या घेतल्या आणि तिसऱ्याने पाण्याची बाटली घरून आणली होती. खिडकीपाशी मुलगा-मुलगी लग्नासाठी एकमेकांना बघायला आले होते. ते लाजून काही मागवतच नव्हते. दुपारपर्यंत एक खुर्ची रिकामी नाही. दारात एक बाई लहान मुलीला घेऊन आली, आत नजर टाकली, जागा नाही बघून परत गेली. मग दोन कॉलेजचे, मग एक म्हातारं जोडपं. सगळे दारातून परत. दुकान गच्च भरलेलं आणि गल्ला शांत. कॉफी पिणाऱ्याला जागा नव्हती आणि जागा अडवणाऱ्याची कॉफी केव्हाच संपली होती.

बरं, त्यांचाही दोष नव्हता. बसा, निवांत बसा, असं आम्हीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

समोर काचेची उंच इमारत होती. पूर्वी तिच्यातून सकाळ-संध्याकाळ माणसांचा लोंढा सुटायचा आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. महामारीनंतर त्या ऑफिसांनी निम्म्या लोकांना घरूनच काम करायला सांगितलं ते कायमचं. आता सोमवारी आणि शुक्रवारी त्या इमारतीतले दिवेसुद्धा लागत नसत. तिकडून येणारी गर्दी आटली, आणि तिच्या जागी घरात कंटाळलेले लोक लॅपटॉप घेऊन आले. एक कप पटकन पिऊन जाणारा गेला आणि एका कपावर दिवस काढणारा आला. दिसायला दुकान तेवढंच भरलेलं.

तिसरी गोष्ट काउंटरपाशी चालली होती. तिथे डिलिव्हरीवाल्यांची रांग होती, हेल्मेट डोक्यावर, मोबाईल हातात. आमची निम्मी कॉफी पिशवीत बसून घरोघर जात होती. म्हणजे एवढं मोक्याचं दुकान, एवढा एसी, एवढी गुबगुबीत खुर्ची, हे सगळं ज्या कॉफीसाठी, ती कॉफी इथे थांबतच नव्हती! ती तर मागच्या गल्लीतल्या एका छोट्या खोलीतूनही गेली असती.

आणि चौथी मला आधीपासून ठाऊक होती, पण कधी जोडून पाहिली नव्हती. आमची गर्दी बघून कंपनीने पलीकडच्या चौकात दुसरं दुकान काढलं होतं, मग मॉलमध्ये तिसरं. उद्घाटनाला मी स्वतः जाऊन टाळ्या वाजवल्या होत्या. नवीन गिऱ्हाईक मात्र फार आलं नाही. आमचंच वाटलं गेलं. त्यात जागेचा करार संपत आलेला आणि मालकाला भाडं वाढवून हवं होतं. रस्ता मोठा, त्याला भाडेकरूंची काय कमी.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. "कळलं," मी म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्या हसल्या. "छान. कॉफी वाईट होती म्हणून दुकान बंद पडत नाही. आजूबाजूचं शहर बदलतं आणि दुकान तिथेच उभं राहतं, म्हणून पडतं. आता चंद्रपूरला जा, ते दुकानही माझ्याकडेच आहे. तिथे काय काय करायचं नाही, हे तुला आज पुण्याने शिकवलं."

घरी फोन लावला तर अब्बांनी उचलला. अब्बांचा जन्म चंद्रपुरातला. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण सारा दिवस कारागिरांमध्ये राहून त्यांची जीभ पक्की चंद्रपुरी झालेली.

"चंद्रपुरात? कॉफी?" ते म्हणाले. "बेटा, इथी मे महिन्यात पंख्यातून आग निंगते. अशात गरम कॉफी कोन पिईन?"

"थंडही असते अब्बा."

"मंग ठीक आहे." मागे रंधा फिरल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "म्हंजे तू घरी येऊन राह्यली?"

"हो!"

पलीकडे काहीतरी ठक्कन वाजलं. मग लांबून त्यांचा आवाज आला. फोन लाकडावर ठेवून ते अम्मीला हाका मारत गल्लीत पळाले होते.

दुकानाची जागा शहराच्या जुन्या परकोटाच्या जटपुरा गेटच्या बाहेर, नागपूर रोडला मिळाली. मी लहानपणी त्या गेटमधून सायकलने शाळेत जायचे, आणि त्याच रस्त्यावर आता आमच्या कंपनीची पाटी चढताना बघत होते. पाटी चढवणारे दोघे शिडीवर, खाली रिक्षावाले, भाजीवाल्या बाया, कॉलेजची पोरं, सगळे माना वर करून उभे. "का खोलून राह्यले इथी?" एकाने विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "कॉफीचं दुकान." तो म्हणाला, "टीव्हीत दाखवते तसं?" मी म्हटलं, "तस्संच!"

कंपनीने पुण्याच्या बंद दुकानातलं सामान इथे धाडलं होतं. ट्रकमधून गोल छोटी टेबलं उतरली, दोन खुर्च्यांची. उघडण्याच्या आदल्या दिवशी मशीन तपासायला म्हणून मी घरच्यांना बोलावलं. अब्बा, अम्मी, आपा, भाईजान, त्यांची लेकरं, शेजारच्या बाई आणि त्यांची सून. सगळी एकदम आत आली, एकदम बसली आणि त्यांनी चार टेबलं ओढून जोडली. गोलाला गोल जुळेना. मधल्या फटीतून एक ग्लास खाली गेला आणि फुटला.

अम्मीने त्या टेबलांकडे बघितलं आणि विचारलं, "हे दोघाईसाठी आहेत का?"

"हो."

"आपल्याकडे दोघं कुठी येतात?"

बरोबर होतं. पुण्यात माणसं एकटी-दुकटी येत आणि एकटी-दुकटी बसत. चंद्रपुरात कुणी काही नवं बघायला एकटं जात नाही; घर उचलून जातं. मी तिथूनच मॅडमना फोन केला, म्हटलं, एक लांब टेबल हवं. "कंपनीच्या डिझाईनमध्ये बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण कर. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

अब्बांनी त्यांचे दोन्ही कारागीर रात्रभर कामाला लावले. सागवानाची फळी, साधे चौकोनी पाय, वर नुसतं पॉलिश. सकाळी टेम्पोतून टेबल आलं तेव्हा मी बाहेर पळत गेले. इतकं देखणं होतं! आणि मग चौघांनी ते उचललं, दारापाशी नेलं, आणि ते आत जाईना. आडवं जाईना, तिरकं जाईना. काचेचं दार आणि सागवानाचं टेबल यांच्यामध्ये अब्बा घामाघूम. रस्त्यावर गर्दी जमली. जो तो सल्ला देत होता. "पलटवा!" "वरून घ्या!" एक जण म्हणाला, "भाऊ, दुकानच उचला आन् टेबलाभवती ठेवा." अब्बा आधी त्याच्याकडे रागाने बघत राहिले आणि मग एवढे हसले की त्यांना खालीच बसावं लागलं. शेवटी पाय काढले, फळी उभी करून आत नेली आणि पाय आत पुन्हा बसवले. उद्घाटनाला यायचे ते पाहुणे बाहेर उभे राहून हा सगळा कार्यक्रम बघत होते. नारळ फुटला तेव्हा अब्बांच्या केसांत लाकडाचा भुसा होता.

पहिले काही आठवडे म्हणजे जत्रा होती. लोक नवे कपडे घालून येत. कपासोबत फोटो काढत, पाटीसोबत काढत, माझ्यासोबतही काढत. एका मावशींनी एस्प्रेसो मागवला, कारण यादीत तो सगळ्यात वर होता. एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना फसवलं.

"बाई, हे जळलं आहे," त्या म्हणाल्या.

"जळलं नाई मावशी, ते तसंच असते."

"मंग साखर आन. आन् दूध आन. आन् थोडं पानी बी आन."

मी आणलं. त्यांनी त्या एवढ्याशा कपातलं मोठ्या कपात ओतून आपल्याला हवं तसं करून घेतलं आणि समाधानाने प्यायल्या. पुढच्या आठवड्यात त्या त्यांच्या नणंदेला घेऊन आल्या आणि तिला मोठ्या रुबाबात सांगू लागल्या, "हे वरचं नको मागवू, हे जळकं राह्यते."

सकाळी ताडोब्याचे पर्यटक येत, धुळीने माखलेले. वाघ दिसला असेल तर गलका करत, दिसला नसेल तर मुकाट्याने. संध्याकाळी कुटुंबं. पण दुपारी शुकशुकाट. उन्हाळ्यात तर रस्त्यावर कुत्रंही दिसेना. मी पुण्याचा धडा गिरवून बसायच्या जागेत प्लग ठेवलेच नव्हते. लॅपटॉपवाला दिवसभर बसेल, ही भीती माझ्या हाडात शिरली होती.

एका दुपारी तीन मुली आल्या, परीक्षेची तयारी करणाऱ्या. खोलीवर पंखा होता पण त्यांच्या गल्लीतली वीज गेली होती. त्यातली एक म्हणाली, "ताई, मोबाईल चार्ज करायले जागा नाई का कुठी? आमी कॉफी घेतो ना. इथी बसून अभ्यास करून राह्यलो तर चालते का?"

मी नाही म्हणणारच होते. मग दुकानाकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. कुणाची जागा अडणार होती? इथलं भाडं पुण्यासारखं डोक्यावर बसलेलं नव्हतं, एसी तर चालूच होता. पुण्यात जी सवय दुकानाला खात होती, तीच इथे दुपारला जाग आणणार होती. मी काउंटरमागचं एक्स्टेंशन बोर्ड काढून लांब टेबलावर ठेवलं. आठवडाभरात ते टेबल दुपारी पोरापोरींनी भरायला लागलं. ऊन उतरलं की कुटुंबं येत आणि मी नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी पोरं आपणहून पुस्तकं आवरत. मला तेव्हा फार आनंद झाला, कारण एका गावात शिकलेलं दुसऱ्या गावात जसंच्या तसं लागू करायचं नसतं, हे मला माझं मला सापडलं होतं.

दुकान चाललं. एवढं चाललं की मुंबईच्या मुख्य ऑफिसातले साहेब मॅडमना घेऊन स्वतः बघायला आले. त्यांनी लांब टेबलावर हात फिरवला, गर्दी पाहिली आणि तिथेच जाहीर केलं, "चंद्रपुरात आपण आणखी एक काढू. जागाही बघितली आहे. गेटच्या आत, बाजाराच्या रस्त्यावर."

माझ्या कानात पुण्यातल्या त्या उद्घाटनाच्या टाळ्या वाजल्या. "सर, नको," मी म्हणाले.

साहेबांना 'नको' ऐकायची सवय नसावी. "का नको? इथे संध्याकाळी जागा मिळत नाही."

"संध्याकाळी मिळत नाही. सकाळी आणि दुपारी मिळते. आणि गेटच्या आतली माणसं आणि बाहेरची माणसं एकच आहेत, सर. गेट फक्त गाड्यांना अडवतं."

"तुम्ही मॅनेजर आहात. हे निर्णय आकड्यांवर होतात."

मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, थांबू नकोस. मी म्हटलं, "सर, तुम्ही फक्त ती जागा माझ्यासोबत बघायला चला. पायी."

आम्ही तिघं निघालो. संध्याकाळची वेळ, गेटपाशी नेहमीसारखी कोंडी. ऑटो, बुलेट, हातगाड्या, सगळ्यांचे हॉर्न. आत शिरून बाजाराच्या रस्त्यावर त्या रिकाम्या गाळ्यासमोर उभे राहिलो. "आता नुसतं उभं राहूया," मी म्हटलं. मनात धाकधूक होती. माझा अंदाज चुकला असता तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

पहिल्यांदा दोन मुली गेल्या, हातात आमचे कागदी कप. मग साडीच्या दुकानातून एक बाई बाहेर आल्या, एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात आमचा कप. सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर दोघं बसले होते, त्यांच्यामध्ये आमचे दोन कप. मग एक पूर्ण कुटुंब आलं, आमचाच कोल्ड कॉफीचा पेला लेकराच्या हातात. मला ओळखून ती आई लांबूनच ओरडली, "ताई, आज फेस मस्त होता!"

मी साहेबांकडे बघितलं. ते त्या लेकराच्या हातातल्या पेल्याकडे बघत होते.

"हे सगळे आपल्याकडूनच आलेत," मी म्हटलं. "इथे दुकान काढलं तर हे इथे घेतील. तिकडचं ओसाड पडेल. पुण्यात तेच झालं. एक दुकान बंद करायला आपणच दुसरं उघडलं."

मॅडम म्हणाल्या, "सर, ती पुण्याच्या दुकानाची शेवटची मॅनेजर होती."

"मग कुठे काढायचं?" साहेबांनी विचारलं. आवाज अजून कोरडाच होता.

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. रविवारी दुकानात जी माणसं यायची त्यांना मी विचारायचे, कुठून आलात. कितीतरी जण सांगायचे, गडचिरोली. एक नर्स बाई गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून आपल्या बहिणींना घेऊन वाढदिवसाला आल्या होत्या, बस बदलून. एवढ्या लांबून! "गडचिरोलीला," मी म्हटलं.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "गडचिरोली? तिथे?"

त्या 'तिथे'मध्ये काय काय होतं ते मला नीट ऐकू आलं. आम्ही या भागातले लोक आयुष्यभर ते ऐकत आलो आहोत. "तिथे माणसं राहतात, सर," मी म्हणाले. "कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत, ऑफिसं आहेत. पोरं वसतिगृहात राहून शिकतात. वाढदिवस त्यांचेही असतात."

मॅडमनी दुसरीकडे तोंड फिरवलं. त्या हसत होत्या. साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "उद्या गाडी काढा."

मूल गाव मागे पडलं, मग सावली गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, मध्येच माकडं. साहेब आधी मोबाईलमध्ये होते. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल आला तेव्हा त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि काच खाली केली. गडचिरोलीत शिरल्यावर साहेब चौकात उतरले, कॉलेज सुटायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि समोरून येणारी गर्दी बघत राहिले. सायकली, स्कुट्या, मुलींचे घोळके, शिट्ट्या, हसणं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लहान ठेवू. खिडकीतून देता येईल असं. बसायला थोडी जागा."

मी मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर मी रस्त्यातच ओरडले असते.

गडचिरोलीच्या दुकानात कामाला मी ज्यांना घेतलं, त्यात धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावची मुलगी होती. वसतिगृहात राहून तिने बारावी केलेली. तिच्या घरी गोंडी बोलतात, आईवडील शेती करतात आणि उन्हाळ्यात मोहफूल, तेंदूपत्ता गोळा करतात. मुलाखतीत मी विचारलं, कॉफी प्यायली आहेस का कधी? ती म्हणाली, "नाई. पन तुमी तरी जलमतः पिऊनच आल्या का?" मी तिला तिथेच घेतलं. चंद्रपूरला महिनाभर शिकायला आली तेव्हा ती आमच्याच घरी राहिली. अम्मीशी तिचं इतकं जमलं की दोघी मिळून माझ्या तक्रारी करायच्या. तिचा हात असा की दुधाचा फेस माझ्यापेक्षा गुळगुळीत यायला लागला, आणि ते तिला माहीतही होतं. "ताई, तुमच्या फेसात बुडबुडे राह्यते," ती मला गिऱ्हाइकांसमोर सांगायची.

उद्घाटनाच्या दिवशी तिची आई आणि मावशी गावाहून आल्या. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, केसांत फुलं. खिडकीच्या आत टोपी घालून उभी असलेली आपली मुलगी बघून आई जागच्या जागी थांबली. मुलीने मशीन चालू केलं. वाफेचा फुसकारा झाला तशी मावशी एक पाऊल मागे सरली आणि मग स्वतःच खळखळून हसली. मुलीने दोघींना कोल्ड कॉफी दिली. मावशी एक घोट घेऊन गोंडीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनते, मोह भाजताना करपला का मंग असा वास येते," ती म्हणाली. "पन आवडलं म्हनते. आनखी पाह्यजे."

दुपारनंतर गर्दी एवढी वाढली की रांग चौकापर्यंत गेली. कॉलेजची पोरं, ऑफिसातले बाबू, दवाखान्यातल्या नर्स. चामोर्शीच्या त्या नर्स बाईसुद्धा बहिणींसह हजर. मी कप भरत होते, ती मुलगी फेस काढत होती, आम्ही दोघी एकमेकींवर ओरडत होतो आणि हसत होतो. आणि मग तिने फ्रीज उघडला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"ताई, दूध संपलं."

कंपनीचं दूध बंद डब्यांतून येतं, गाडीने. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. मी मॅडमना फोन लावला. आजूबाजूला एवढा गोंगाट की त्यांना वाटलं काहीतरी अपघात झाला. "मॅडम, दूध संपलं! बाहेर रांग आहे! इथल्या डेअरीचं घेऊ का?"

"कंपनीचा नियम..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "किती रांग आहे?"

मी मोबाईल खिडकीबाहेर धरला. रांगेतल्या पोरांनी काय समजायचं ते समजून एकदम आरोळी ठोकली.

"घे!" मॅडम ओरडल्या. "ताजं बघून घे! आणि फोन कशाला करतेस, पळ!"

मी खिडकीतून बाहेर वाकून सांगितलं, "दूध आणायला चाललोय. थोडा वेळ लागेल. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी उद्या या." मग आम्ही दोघी तिच्या मैत्रिणीची स्कुटी घेऊन निघालो. ती चालवत होती, टोपी अजून डोक्यावरच. मी मागे दोन रिकाम्या कॅन धरून. डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. खड्डा आला की कॅन एकमेकींवर आपटत आणि ती आणखी जोरात चालवे. येताना कॅन भरलेल्या होत्या. दोन्ही पायांमध्ये त्या घट्ट धरून मी सारखं एकच म्हणत होते, हळू, हळू, सांडेल. मनात मात्र दुसरंच होतं. मला वाटत होतं, रांग मोडली असेल. निम्मे गेले असतील. साहेब म्हणतील, तिथे असंच होणार.

वळणावरून चौक दिसला. तिने करकचून ब्रेक मारला.

कुणी गेलं नव्हतं. उलट रांग वळून पलीकडच्या फुटपाथवर गेली होती. तिची आई आणि मावशी दुकानाच्या दारापुढे पदर खोचून उभ्या होत्या आणि मधे घुसणाऱ्या दोन पोरांना मागे हटवत होत्या. आमची स्कुटी दिसताच सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. ती मुलगी उतरली, टोपी सरळ केली, कॅन उचलली आणि आत शिरता शिरता मला म्हणाली, "ताई, तुमी आता नुसतं कप द्या. फेस मी पाह्यते."